नाव न लिहिलेलं उत्तर

१२ फेब्रुवारी १९८६, सौसर

लिहून टाकलं!

नागपूरहून अलकाबाई आल्या होत्या, नसबंदी शिबिरांचा अभ्यास करायला. आम्हा सगळ्या नर्सांना एका खोलीत बसवलं. म्हणाल्या, "नाव लिहू नका. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. मधूनच उठून गेलात तरी चालेल." कागद घडी करून पेटीत टाकायचा. इतक्या वर्षांत माझी मर्जी कोणी विचारली नव्हती. हात थांबलाच नाही.

चंद्रकलेचं लिहिलं. अशक्तपणाच्या गोळ्या न्यायला आली होती ती. शिबिराचा आकडा भरत नव्हता, डॉक्टरसाहेबांनी तिलाच टेबलावर घेतलं. संमतीच्या कागदावर अंगठा नंतर घेतला — ती गुंगीत असताना.

१३ फेब्रुवारी

त्या शिबिरात नर्सा दोनच. मी आणि मंगलाताई. हे काल कसं सुचलं नाही?

१७ फेब्रुवारी

"सर्वे में क्या पूछा, सिस्टर?" डॉक्टरसाहेब हसत होते. मी म्हटलं, पाण्याच्या सोयीचं वगैरे.

घरी यांना सांगितलं. "तुले काय गरज होती? नोकरी पक्की नाही अजून," म्हणाले आणि जेवता जेवता उठले. यांची गिरणी बंद झाल्यापासून घर माझ्याच पगारावर आहे.

१८ फेब्रुवारी

रेस्ट हाऊसवर अलकाबाईंना गाठलं. म्हटलं, माझा कागद परत द्या.

"कोणता तुमचा ते मला कळणार कसं? नावच नाही ना." मग म्हणाल्या, "एकदा पेटीत गेला की परत काढता येत नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

चूक कबूल केली त्यांनी. माझी भीती काही कमी झाली नाही.

२५ फेब्रुवारी

झोप नाही. दारावरची कडी वाजली की वाटतं, नोकरीवरून काढल्याचा कागद घेऊन शिपाई आला.

४ मार्च

चंद्रकला आली होती. नवरा बाहेर बैलगाडीत बसून. "सिस्टर, खरं सांगा. मले आता लेकरू नाही होनार का?" एकच मुलगी आहे तिला. मी तिच्या हातात गोळ्या दिल्या.

२ जून

भोपाळच्या आरोग्य खात्याकडून अलकाबाईंच्या अहवालाची प्रत आली. गावाचं नाव नाही, कोणाचंच नाही. पण "गोळ्या न्यायला आलेली बाई" आहे. डॉक्टरसाहेबांनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग आधी माझ्याकडे पाहिलं, नंतर मंगलाताईंकडे.

९ जून

मंगलाताईंची बदली. पार जंगलातल्या गावी. सासू अंथरुणाला खिळलेली, पोरांची शाळा इथे.

संध्याकाळी भेटायला आल्या. चहाला हात लावला नाही. "वत्सला, मले समजूनच नाही राहिलं. मी तर भिऊन कागद कोराच टाकला होता वं."

आणि देवा, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच — मी वाचले.

१० जून

सकाळी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, ते मी लिहिलंय. मंगलाताईंची बदली थांबवा. ते हळूच म्हणाले, "दार लावून घ्या." बाहेर तपासायला आलेल्या बाया बसल्या होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी दार उघडंच ठेवलं.