मागच्या दारची जलपिंपळी

४ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

फोन करायचा सोडून मामा कागद का काळे करतोय, असं तुला वाटेल. पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि तुझी मामीही स्वयंपाकघरात आहे. बालवर्गाच्या बाई निवृत्त झाल्या तरी त्यांचे कान निवृत्त होत नाहीत. म्हणून हे पत्र.

मामीचं खुब्याचं हाड छान जुळलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खुशाल चाला, फिरा, नुसत्या बसून राहिलात तर पाय रुसतील. पण ही पलंगापासून ओट्यापर्यंत येते आणि ओट्यापासून पलंगापर्यंत जाते. मधे थांबा नाही. मागच्या दाराकडे तर बघतसुद्धा नाही. मी जन्मभर बस चालवली, एवढे उतारू सुखरूप उतरवले, आणि घरातली एकुलती एक सवारी कपडे वाळत घालताना मागच्या फरशीवर घसरली, हे माझ्या मनातून काही जात नाही. परवा डोकं फिरलं, पहार घेतली आणि ती सगळी फरशी उखडून टाकली. शेजारचे बेकरीवाले धावून आले म्हणून कंबर शाबूत राहिली.

आता तिथे नुसती माती उरलीय. सुकली की धूळ, भिजली की चिखल. जमिनीलगत पसरणारं, मऊ, तुडवलं तरी न रागावणारं असं काहीतरी तिथे लावायचं माझ्या मनात आहे. बेकरीवाले म्हणतात वेडेलिया लावा, बघता बघता सगळं झाकून टाकते. मला वाटतं, सरळ हिरवळच लावावी. तू रोपवाटिकेत नोकरी करतेस, शाळा संपेपर्यंत याच घरात वाढलीस, आणि इथली माती तर तू चाखूनही पाहिली आहेस. तेव्हा त्या मातीला जागून सल्ला दे. मामीला मात्र यातलं अवाक्षर कळवू नकोस.

लोभ आहेच; वाढला तर ठेवायला जागा पुष्कळ आहे.

तुझा मामा

१२ ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी कुंड्यांच्या रांगेत एकटीच हसत उभी होते. आमच्या साहेबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मामांनी पहार घेतली. त्यांना काही कळलं नाही, तेच बरं.

आता कामाचं. वेडेलिया अजिबात नको. फुलं गोजिरी असतात, पण ती वेल माजते आणि तिच्या फांद्यांत पाय अडकतो. बेकरीवाल्या काकांना म्हणावं, पावाच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा, वेलीच्या बाबतीत नाही. हिरवळीला सारखं पाणी लागतं आणि सारखं कापावं लागतं. ते यंत्र ढकलताना तुमची कंबर गेली, तर घरात दोन रुग्ण आणि वाढणारं कोणी नाही. रसाळ पानांचं तर नावच काढू नका. चिनी गुलाब, पानओवा यांवर पाय पडला की पानं चिरडतात आणि साबणासारखी निसरडी होतात. मामीला घसरवायला ती फरशी काय वाईट होती?

मग उरतात दोन. एक शोभेचा भुईमूग. शेंगांची आशा धरू नका, त्याला नुसती पिवळी फुलं येतात. तो लिंबाच्या झाडाखालच्या सावलीत चालेल. उघड्यावर मात्र जलपिंपळी. ती जमिनीला चिकटून सरपटते, पेरापेराला मुळं धरते, ऊन सोसते, आणि तुडवली तर उलट जास्त दाट होते. आपल्या घराण्यात शोभेल असा स्वभाव आहे. एकच खोड, तिच्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात. फुलं दिसली की वरून कात्री फिरवायची.

पण मामा, एक विचारू? ज्या पायांसाठी हे चाललंय, त्या पायांना न विचारता लावलेल्या गोष्टीवर ते पाय पडतील का? तुम्ही मागे मामीला न विचारता आणलेले पडदे आठवा. अजून माळ्यावर आहेत ना?

माया अशीच सैल हाताने पाठवत राहा.

तुमची ठकू

२० ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मामा-भाचीचा कट मला कळला. बेकरीवाल्यांच्या पोटात पाव राहतो, गोष्ट राहत नाही. भिंतीवरून त्यांनी मला विचारलं, काय बाई, मग जलपिंपळी ठरली का? मीही अशी मान हलवली की जणू मीच ठरवली.

पोरी, तू ह्यांना भरीला घालू नकोस. ह्या वयात गुडघ्यांवर बसून रोपं लावायची म्हणजे काय? आणि लावायची तरी कोणासाठी? आम्ही इथे राहणार नाही. आमच्या लेकाने, तुझ्या दादाने, त्याच्या इमारतीतच तिसऱ्या मजल्यावर जागा पाहिली आहे. लिफ्ट आहे, न्हाणीत धरायला दांडे आहेत, खाली उतरायची गरजच नाही. मी त्याला हो म्हणून बसले आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि दुसरंच काहीतरी बोलते.

तुला खरं सांगते. दुखण्याचं मला काही वाटत नाही. बाईमाणसाने जन्मभर दुखणीच काढलेली असतात. पण त्या दिवशी मी फरशीवर पडले तेव्हा हाक मारायला गेले आणि आवाजच फुटला नाही. अख्खं मैदान गप्प करणारा माझा आवाज! हे आत रेडिओ ऐकत होते. मला तो रेडिओ ऐकू येत होता आणि मी ह्यांना ऐकू जात नव्हते. तेव्हापासून ते दार दिसलं की मी पाठ फिरवते. हे मी कोणाला सांगितलं नाही. दादालाही नाही.

म्हणून म्हणते, मामाची समजूत तू काढ. तुझं ते ऐकतात.

जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी मामी

२८ ऑगस्ट

तीर्थरूप मामीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसले.

दादाचाही मला फोन आला होता. त्याचंही तेच म्हणणं, मामांना तूच पटव. तो वाईट नाही गं, घाबरलाय. दूर राहणारा मुलगा काळजीने असाच आडमुठा होतो. पण मी त्याला नाही म्हटलं आणि तुलाही नाही म्हणते. ते घर माझंही माहेर आहे, मला ते सुटायला नको आहे. म्हणजे मी पंच व्हायच्या लायकीचीच नाही. तुला जायचंच असेल तर जा, मी सामान बांधायला येईन. पण मामांना तू स्वतः सांग. ते दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना घर जाण्यापेक्षा त्याचंच जास्त लागेल.

तोवर माझं एक ऐक. रोपवाटिकेची गाडी तुमच्या बाजूला येणार आहे. तिच्याबरोबर चार-पाच तऱ्हेची रोपं पसरट तबकांत पाठवते, मी मामांना नको म्हटलेलीसुद्धा, म्हणजे फरक कळेल. तू बाहेर जाऊ नकोस. आतच खुर्चीत बस, तबक पायाशी घे आणि अनवाणी पाय ठेवून बघ. पसंत नाही पडलं तर तसं सांग. बालवर्गाच्या बाईंनी कोणाला नापास करायला कधी मागेपुढे पाहिलं नाही.

आणि मामी, आवाजाचं तू मला सांगितलंस, ते माझ्यापाशीच राहील. पण मामांना तेही सांगितलंस तर बरं होईल.

तुझ्या कुशीतली जागा राखून ठेव.

तुझी ठकू

१८ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझी तबकं पोचली आणि घरात परीक्षा झाली. बाई खुर्चीवर, पाय तबकात, मी शिपायासारखा एकेक उमेदवार पुढे सरकवत होतो. पानओवा पहिल्याच फेरीत नापास. म्हणाली, ओल्या मोज्यात पाय घातल्यासारखं वाटतं. हिरवळ टोचते. भुईमूग बरा, पण फार गुबगुबीत. जलपिंपळीवर पाय ठेवला आणि बोटं हलवून पाहिली. मग म्हणाली, नुकतेच केस कापलेल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटतंय. मी तिथेच निकाल जाहीर केला.

चार दिवस मी मागे रोपं लावत होतो आणि ती उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून हुकूम सोडत होती. ओळ वाकडी झाली, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा, ते मुळासकट उताणं पडलंय. माझ्या बसच्या तपासनिसांनीसुद्धा मला इतकं हैराण केलं नव्हतं.

शेवटचं रोप लावून हात धुतले आणि तिने मला दादाच्या जागेचं सांगितलं. आवाज फुटला नाही, तेही सांगितलं. ठकू, मी तसाच उठलो. बेकरीत जाऊन भट्टीजवळ बसलो. बेकरीवाल्यांनी एक गरम पाव हातात दिला. मला सारखं वाटत होतं, मी तो रेडिओ एवढा मोठा का लावला होता.

परत आलो आणि तिला म्हणालो, तुला जायचं असेल तर जाऊ. तू अशी दाराच्या आत बसून राहणार असशील, तर मला तरी या घराचं काय करायचंय? ती म्हणाली, मग पाणी घालणं बंद करा. मी म्हणालो, ते मात्र जमणार नाही, लावलंय ते जगवायचं. दादा डिसेंबरात सगळं पक्कं करायला येणार आहे. तोवर मी पाणी घालतो.

आमची आठवण काढत जा, उचकी लागली तर आम्ही तक्रार करणार नाही.

तुझा मामा

२७ सप्टेंबर

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आज थोडंच लिहिते, कारण डोळ्यांपुढचं नीट दिसत नाहीये. तुम्ही बरोबर बोललात. तुमच्याइतकं नीट मला बोलता आलं नसतं.

पाणी सकाळी घाला, पण तळं करू नका. मधल्या मोकळ्या जागेत तण आलं तर लहान असतानाच उपटा. रोपं सुरुवातीला रुसल्यासारखी दिसतील, घाबरू नका. ती आधी मुळं धरतात आणि मग पसरतात. पसरली की त्यांच्यावर चाला. खरंच चाला, ती तुडवल्याशिवाय दाटत नाहीत. मामीला जमेल तेव्हा तुमचा हात धरून एक पाऊल. नाही जमलं तर नाही.

दोघांनी एकमेकांना सांभाळा, मी इथून दोघांना सांभाळते.

तुमची ठकू

१४ डिसेंबर

चि. ठकूस,
अ. उ. आ.

आधीच सांगते, मी ठणठणीत आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुझ्या छातीत धस्स होणार नाही. मी पडले.

तू पाहिलं नाहीस, पण ती जलपिंपळी आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली आहे. मातीचा ठिपका दिसत नाही. महिनाभर मी ह्यांच्या हाताला धरून उंबरा ओलांडत होते. दोन पावलं, मग चार. एकटी मात्र कधीच नाही. परवा सकाळी हे दाढी करत होते आणि वाऱ्याने दोरीवरचा टॉवेल उडवला. मी विचारबिचार काही केला नाही. वर्गात मूल बाकावरून पडताना दिसलं की जशी धावायची, तशीच गेले. टॉवेल उचलायला वाकले आणि गुडघ्याने दगा दिला.

पडता पडता वाटलं, झालं, संपलं. पण ठकू, काही झालं नाही. खालून गार, मऊ लागलं. मी कुशीवर पडून होते आणि नाकाशी ती इवली फुलं होती. मग मी हाक मारली. अशी खणखणीत निघाली की भिंतीपलीकडे बेकरीवाल्यांच्या हातातली परात खाली पडली, ती मी ऐकली.

हे अर्ध्या तोंडाला फेस, असे धावत आले. मला उचलायला खाली बसले आणि तिथेच राहिले. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेतच. मी ह्यांना उठवायला बघते, हे मला. शेवटी दोघंही फतकल मारून बसलो आणि मला हसू आवरेना. बेकरीवाले हाताला पीठ तसंच घेऊन भिंत चढून आले. आम्हाला असं बसलेलं पाहून त्यांना वाटलं, आम्ही मुद्दामच बसलोय. ते म्हणाले, सावकाश चालू द्या, आणि परत निघाले. त्यांना पुन्हा हाक मारावी लागली. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मांडीवर एक काळानिळा डाग, बाकी सगळं जागच्या जागी.

दादा काल आला. हे ऐकून आधी माझ्यावर चिडला, मग बापावर, मग तुझ्यावर. मी त्याला जवळ बसवलं आणि सांगितलं, इतके दिवस मी पडेन म्हणून भीत होते. आता पडून झालं. उद्या डोळे गेले, हातपाय थकले, तर तुझ्याकडेच येऊ, आपल्या पायांनी येऊ. पण भीतीने हाकलून लावलं म्हणून नाही येणार. तो उठला. मग बूट काढून मागे गेला आणि उभा राहिला. आज सकाळपासून दाराशी धरायला दांडा बसवतोय. ती जागा त्याने सोडली. दांडा थोडा तिरका बसलाय, पण मी काही बोलले नाही. बघ, मीही सुधारते आहे.

आता तू रजा काढून ये. येताना चपला वाटेत कुठेही काढ, पण मागे पाऊल टाकशील ते अनवाणी टाक.

तुझ्यावर जीव आहे, तो दर वेळी लिहून दाखवायचा नसतो.

तुझी मामी

ता. क. — हे पत्र टपालात टाकायला तिने माझ्या हाती दिलंय, म्हणून चार शब्द माझेही. ती म्हणते, माझे गुडघे आखडले म्हणून मी तिथे बसून राहिलो. ठकू, मला उठता येत होतं. पण ती हसत होती. तिला सांगू नकोस.

— मामा