कूलर, वॉरंट आणि ओवाळणी

नंदनवन, नागपूर
२४ जुलै २०२५

चि. लतिकास,
अ. आ. वि. वि.

हुडकेश्वरला राहणाऱ्या बहिणीले पत्र काहून, असं विचारशील. फोनवर सरकार ऐकत असतं, म्हणून. पाकीट फोडायला निदान कष्ट तरी पडतात.

काल डेंग्यूच्या तपासणीवर दीपमाला नावाची सरकारी बाई आली. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या आहेत का, ते पाहायचं म्हणाली. मी दारातच वॉरंट मागितलं. नागरिकाचं घर म्हणजे काही धर्मशाळा नाही. तेवढ्यात तुझी वहिनी आतून लगबगीनं आली आणि तिनं कूलरचं वॉरंटी कार्ड बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी उलटसुलट पाहून सांगितलं, काका, हे तं कधीची संपली. सगळी गल्ली हसली. पण तत्त्व शाबूत राहिलं, बाई उंबऱ्यावरून परत गेली.

दारावर आता पाटी लावली आहे : वॉरंटशिवाय कुणीही आत येऊ नये. राखीला वेळेवर ये. लोभ आहेच, तो चालू ठेवावा.

तुझा,
श्रीधरदादा

हुडकेश्वर
३० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट अर्धं उघडंच होतं, तेव्हा सरकारला सगळं कळलेलं आहे.

सोमवारी मी येऊन गेले. तू भाजीला गेला होतास. पाटीवरच्या ‘कुणीही’मधे मीही आलेच, म्हणून आत गेले नाही. प्रमोदिनीवहिनीशी खिडकीतून बोलले, चहाही खिडकीतूनच घेतला. तुझ्या बंद कूलरशेजारी उभी होते, डासांनी फोडून काढलं.

थट्टा पुरे. गेल्या पावसाळ्यात वहिनी डेंग्यूनं दवाखान्यात होती, तेव्हा तू तिला पपईच्या पानांचा रस पाजता पाजता रडलास, ते मी पाहिलंय. मला भीती वाटते रे. त्या बाईंना येऊ दे.

राखीला येईन, पण बाहेरूनच बांधीन. वहिनीला नमस्कार. लोभ असावा, त्याला पाटी लागू नाही.

तुझी,
लतिका

नंदनवन
१० ऑगस्ट

चि. लतिकास,
अ. आ. वि. वि.

कालचा प्रकार कायद्यात बसत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून तू राखी बांधलीस. साडी मागशील या भरवशावर मी ओवाळणीत काय हवं ते विचारलं, तर तू सोबत आणलेल्या, मागे उभ्या दीपमालाबाईंकडे बोट दाखवून म्हणालीस, हिला आत घे. ओवाळणी नाकारायची सोय मला कोणत्याच कायद्यात सापडली नाही.

टाकी वरून स्वच्छ दिसत होती. बाईंनी तळाचं पाणी वाटीत काढलं आणि त्यात अळ्या वळवळताना दाखवल्या. तुझ्या वहिनीचा पलंग त्या कूलरला लागूनच आहे. मी दारावर पहारा देत होतो आणि घुसखोर माझ्याच टाकीत वाढत होते. त्यांच्याकडेही वॉरंट नव्हतं. टाकी रिकामी केली, घासली, उन्हात उलटी ठेवली. वहिनी ठणठणीत आहे, काळजी नसावी.

पाटी मात्र काढलेली नाही. खाली एक ओळ वाढवली : बहीण आणि तिनं पाठवलेली माणसं सोडून. आज सकाळी विजेच्या मीटरवाल्यानं पाटी वाचली आणि मला म्हणाला, लतिकाताईनं पाठवलं. मी मुकाट्यानं बाजूला झालो, वहिनीनं चहा ठेवला.

तेव्हा लोभ असावा, आणि स्वतःचं नाव गल्लीत जरा बेतानं वाटावं.

तुझा,
श्रीधरदादा