आईने मान हलवली

३ जून

चि. पैलवान यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन लावला की इथल्या मावशी उचलतात आणि आई बऱ्या आहेत एवढंच सांगून ठेवून देतात, अशी तुझी तक्रार. बाळा, कान गेल्यापासून फोन म्हणजे माझ्या लेखी रिकामा डबा. तेव्हा तू आपला लिहीत जा. व्यायामशाळा बंद आहे, वजनं उचलायची नाहीत, तर निदान लेखणी उचल.

इथे माझं बरं चाललंय. तुझी ताई दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी येते. वृद्धाश्रमात कुणालाच आत सोडत नाहीत, म्हणून ती माझ्या खिडकीबाहेर वाफ्यात एक वीट ठेवून तिच्यावर उभी राहते, मास्क हनुवटीखाली ओढते आणि बोलते. मधे बंद काच, त्यामुळे कुणाची हरकत नसते. ओठ वाचायची सवय मला आहेच. बसमध्ये कोण कुणाशी भांडलं, तिच्या सासूबाईंचा दमा कसा आहे, सगळं कळतं. गंमत म्हणजे इथे बाकीच्यांना चांगले कान आहेत, पण काचेतून त्यांना काही ऐकू येत नाही. पलीकडून मुलं घसा फोडून ओरडतात आणि ही मंडळी नुसती बघत राहतात. मग मला बोलावणं येतं. मी बाजूला उभी राहून सांगते, तुमचा नातू पास झाला म्हणतोय, सुनेचे पाय दुखतायत म्हणतोय. म्हणजे आंधळ्यांच्या नव्हे, कानवाल्यांच्या राज्यात बहिरी शहाणी झाली आहे. कालच इथे राहणाऱ्या मास्तरीणबाई मला सांगत होत्या की तुम्ही गेलात तर आमचं कसं व्हायचं.

आणि जाणार तर मी आहेच. निर्बंध उठायला लागले अशी बातमी आल्यापासून इथे सगळ्यांच्या अंगात आलंय. कुणी साड्यांच्या घड्या मोडतंय, कुणी मुलाला कुठल्या वाटेने या ते लिहून पाठवतंय. मला इथे सोडलंस तेव्हा मास्क यायचे होते. फाटकापाशी थोडेच दिवस, आई, असं तू म्हणालास, ते तुझ्या ओठांवर मी नीट वाचलं होतं. आता माझ्या दोन खोल्या उघडून वारा खेळू दे. तुझ्या वडिलांनी माझ्यासाठी बेलच्या तारेला जोडलेला लाल दिवा बघ. बेल दाबली की भिंतीवर तो लागला पाहिजे, नाहीतर दारात कोण आलं ते मला कळायचं नाही. बल्ब गेला असेल तर ताई आणील, तू फक्त तिला सांग.

जेवत जा. माझे आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेत, तू पाठ फिरवलीस तरी.
तुझी आई


१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की आपण भांडतो आणि तू मधेच ठेवून देतेस. म्हणून लिहितोय. लिहिलेलं तुला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

व्यायामशाळा उघडली. गेल्या महिन्यात आमच्या सभासदांनी भर रस्त्यात बैठका मारून निषेध केला होता, आठवतं ना? दारूची दुकानं चालतात आणि शरीर कमावणं चालत नाही, असे फलक धरले होते. मीही होतो त्यांच्यात, घसा बसेपर्यंत ओरडलो. परवानगी आली त्या दिवशी सगळे आले, एकमेकांच्या गळ्यात पडले, आरशासमोर फोटो काढले आणि गेले. त्यानंतर कोण फिरकेल तर शपथ. एकाने घरीच यंत्र आणलंय. एकाची बायको म्हणते, तिथल्या घामाने रोग पसरतो. एकजण रस्त्यात भेटला, तर लांबूनच म्हणाला की एवढ्या घाईने उघडायला नको होतं. हाच फलक धरून सगळ्यांच्या पुढे होता! समोरच्या खानावळीत मात्र माणसाला माणूस चिकटून रांग लागते. तिथे कुणाला घाम दिसत नाही.

मुद्द्यावर येतो. आईच्या खोल्यांचा मालक भेटला होता. त्याला ती जागा हवी आहे. सोडली तर चांगली रक्कम देतो म्हणतो. बाबांच्या माघारी भाडेकरार माझ्या नावावर आहे हे खरं, पण घर आईचं आहे हे मला कळतं. ती रक्कम आली तर व्यायामशाळा तगेल, नाहीतर वर्षअखेर कुलूप. आई वृद्धाश्रमात छान रमली आहे असं तूच सांगतेस. मी तिला विचारणार आहे. ती नाही म्हणाली तर विषय संपला, तुझी शपथ.

रागावशील, पण लोभ कमी करू नकोस. सध्या तेवढीच एक गोष्ट फुकट मिळते.
तुझा धाकटा


२४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं, म्हणजे दोनदा संताप झाला.

रमली आहे याचा अर्थ तिला तिथेच ठेवावं असा होत नाही. माझ्याकडे आणायचं तर मी दिवसभर हजार माणसांत, घरी सासूबाईंचा दमा. म्हणून तर तिला तिथे ठेवावं लागलं. ती घराच्या आशेवर आहे रे. दर गुरुवारी बल्बाचं विचारते.

तुझ्या सभासदांचं मला नवल वाटत नाही. माझ्या बसमध्ये रोज हेच चालतं. एक सोडून एक बसायचा नियम उठला, तशी पहिल्याच फेरीत दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं, तिकीट काढलंय, मी इथेच बसणार. दुसऱ्याने मधे पिशवी ठेवलेली. दोघांचेही मास्क गळ्यात. शेवटी दोघांनी मिळून माझ्यावरच तोंडसुख घेतलं, की तुम्ही कंडक्टर लोक नियम नीट सांगत नाही. बंदीत मी गाडीत चढले की यांच्यापैकीच काहीजण हात जोडायचे, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत म्हणायचे. आता सुट्टे नाहीत म्हटलं तर आई-बाप काढतात. गरज सरो, वैद्य मरो. सगळ्यांना सगळं उघडायला हवं आहे, आणि काही बिघडलं तर दोष द्यायला दुसरं कुणीतरी हवं आहे.

तू आईला विचार. पण पत्रातून नको. तिथे एकटी बसून वाचेल आणि एकटीच रडेल. आता आत सोडायला लागले आहेत, तर समोर बस, तिचा हात हातात घे आणि विचार. मला माहीत आहे, ती तुला तोंडावर नाही म्हणेल. माझी आई आहे ती.

मनात राग आहे, पण तो तुझ्यावरच काढता येतो यातच काय ते समज.
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं.

आत सोडायला लागल्यानंतरचा पहिलाच रविवार. फाटकापासून रांग होती. नवे कपडे, हातात फुलं, फुगे. एक बाई नुसत्या आनंदाने रडत होती आणि तिच्या मागचा माणूस रांग पुढे सरकत नाही म्हणून तिच्यावर खेकसत होता. दारात आमच्या हातांवर औषध ओतलं, एकावर एक दोन मास्क बांधायला लावले आणि ते काढलेत तर बाहेर काढू अशी तंबी दिली. खोलीत एक मावशी लक्ष ठेवायला उभी.

आईने मला जवळ घेतलं. मग मी तिचा हात धरून सगळं सांगितलं. व्यायामशाळेचं, मालकाचं, खोल्यांचं. काही लपवलं नाही. सांगताना मलाच रडू आलं. ती एकटक माझ्याकडे बघत होती आणि मान हलवत होती. शेवटी मी विचारलं, आई, सोडू ना खोल्या? तिने मान हलवली, हसली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तू करशील ते बरोबरच असेल.

ताई, तू तिला ओळखलं नाहीस. तिचं मन आपल्या दोघांपेक्षा मोठं आहे. मी दुसऱ्याच दिवशी किल्ल्या दिल्या. मालकाला घाई होती, सामान माझ्या व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत आणून ठेवलंय.

आता तरी माझ्याशी फोनवर बोल. लोभ उधार ठेवू नकोस.
तुझा धाकटा


५ जुलै

चि. सौ. कंडक्टरीणबाईंस,
अ. उ. आ.

तुझा भाऊ येऊन गेला. एवढा मोठा पैलवान, माझा हात धरून लहान पोरासारखा रडला. खूप वेळ बोलत होता. काय बोलला म्हणशील तर मला एक अक्षर कळलं नाही.

तुला आता खरं सांगते. दारं उघडल्यापासून मी खरी बहिरी झाले. जो येतो तो तोंड बांधून येतो. नुसते डोळे दिसतात, आणि डोळ्यांवर कुठे शब्द उमटतात? मास्तरीणबाईंचा मुलगा आत येऊन त्यांच्या कानाशी बोलतो, त्यामुळे मला आता कुणी बोलावत नाही. सगळं घर आनंदात आहे आणि मी कोपऱ्यात नंदीबैलासारखी मान हलवत बसते. बहिऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य मान हलवण्यात जातं बघ. सारखं काय म्हणालात, काय म्हणालात विचारलं की समोरच्याच्या कपाळावर आठी येते. ती आठी मास्कमधूनही दिसते. गेल्या गुरुवारी तू आत आलीस ना, तेव्हाही मी तशीच मान हलवली. तू दोन तास प्रवास करून येतेस, तुझा विरस कशाला करू?

धाकट्याला मी मास्क काढ म्हणून खूण केली, तर मावशींनी डोळे वटारले. मग मी हात मागे घेतला. काय बोलला असेल ते कळायला कान कशाला हवेत? बंदी उठल्यावर मुलगा आईला येऊन आणखी काय सांगणार? घरी नेतो म्हणाला असेल. इतके दिवस ठेवलं म्हणून त्याला भरून आलं असेल. मी म्हटलं, तू करशील ते बरोबरच असेल.

माझी पिशवी भरून तयार आहे. इथल्या चादरी धुऊन परत केल्या. तू तेवढा बल्ब बघ.

माया खिडकीतून होती तेवढीच आता दारातूनही येऊ दे.
तुझी आई


१० जुलै

धाकट्या,

आज मायना लिहायला मन होत नाही.

आईचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? तिला काहीही कळलेलं नाही. तू दोन मास्कांआडून एका बहिऱ्या बाईला तिचं घर मागितलंस आणि तिने हो म्हटलं असं समजून मोकळा झालास. समोर बसून विचार असं मीच तुला लिहिलं होतं. त्या गुरुवारी मीही तिच्यासमोर बसून तासभर बडबडले, आणि तिने मान हलवली तशी खूश होऊन घरी आले. काचेआडून ती इतकं छान समजून घ्यायची की ती बहिरी आहे हेच आपण दोघं विसरलो. निदान माझा तेवढाच गुन्हा आहे. तू मात्र तिला हवं ते विचारलंस आणि तुला हवं ते ऐकलंस.

पत्र मिळाल्यावर मी ड्यूटी बदलून घेतली आणि खोल्यांवर गेले. वाटलं, मालकाचे पाय धरीन. हातात नवा बल्ब होता. बेल दाबली. दारावरच्या झरोक्यातून लाल उजेड दिसला. बाबांचा दिवा शाबूत आहे रे, बल्बसुद्धा गेलेला नव्हता. मग दार उघडलं. कडेवर मूल घेतलेली एक अनोळखी बाई. बिचारी भली होती. बेल वाजताना हा दिवा कशाला लागतो ते तिने मलाच विचारलं, आणि तो काढून टाकणार आहोत म्हणाली. त्यांनाही बंदी उठल्यावर कुठूनतरी निघावं लागलंय. भांडायचं तरी कुणाशी?

मी आईला काही सांगणार नाही. तू सांगायचंस. आणि पत्र टाकून सुटका करून घेऊ नकोस, तोंडाने सांग.

तुझ्यावरचा लोभ कुठे ठेवला ते मला सध्या सापडत नाही.
ताई


१९ जुलै

चि. पैलवान यास,
अ. उ. आ. आशीर्वाद द्यायची सवय हाताला आहे, म्हणून लिहिले.

तुझं पत्र मिळालं. तोंडाने सांग असं ताईने तुला बजावलं होतं म्हणे, तरी तू पत्रच टाकलंस. एवढी वजनं उचलतोस, हे काही तुला उचलवलं नाही.

तू लिहितोस की व्यायामशाळा आता चालेल, तिच्या वरची खोली मोठी आहे, पुढेमागे मला तिथे नेशील. नेशीलही. थोडेच दिवस, नाही का? आणि लिहितोस की मी मान हलवली होती. हलवली. ते खोटं नाही. मावशींनाही विचार, त्यांनीही पाहिलं. पण मी तुला घर दिलं नव्हतं बाळा. मी फक्त माझा मुलगा आला होता म्हणून हसले होते.

पिशवी सोडली. चादरी पुन्हा मागून घेतल्या. मावशींनी एकदम समजून घेतल्यासारखं केलं, म्हणजे इथे आधीच सगळ्यांना माहीत होतं. इथल्या सगळ्यांनी चांगल्या कानांनी ऐकलं, मीच तेवढी राहिले. मला वाईट वाटलं का, असं तू विचारतोस. वाटलं. खूप वाटलं. ते पत्रात मावायचं नाही.

तू ये. येत्या रविवारी ये. पण दारातून येऊ नकोस. बाकीच्यांना खुशाल येऊ दे फुलं आणि फुगे घेऊन. तू मागच्या बाजूने ये. माझ्या खिडकीखाली ताईची वीट अजून आहे. तिच्यावर उभा राहा. खिडकी मी बंदच ठेवीन, म्हणजे तुला तोंड बांधायला कुणी लावणार नाही. मास्क काढ आणि पत्रात लिहिलंस ते सगळं मला पुन्हा सांग. मालक काय म्हणाला ते सांग, तू काय म्हणालास ते सांग, आणि शेवटी मला जे विचारलंस ते पुन्हा विचार.

सावकाश बोल. या वेळी मला शब्दन् शब्द कळेल. मग मान कशी हलवायची ते मी बघेन.

तुझी आई