गुडघ्यावरचं मेण

रायपूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय आई,

सप्रेम जय भीम.

भिलाईत थंडी फार आहे का? यशदीपदादाची पोरं तुला घटकाभर तरी बसू देतात का? माझा फोन तू उचलत नाहीस, पण पत्र आलं की वाचल्याशिवाय तुला राहवणार नाही, एवढी तुला ओळखते. गोल बाजारातून तुझ्या कुकरचं झाकण दुरुस्त करून आणलं. बाकी घर ठीक.

नदीकाठच्या आपल्या बुद्धमूर्तीच्या साफसफाईचं काम निम्मं झालं. गुडघ्यावरचं मेण मी दुसऱ्या कोणाला काढू देत नाही, बांबूच्या काडीने स्वतःच हळूहळू काढते. चुनखडीचा दगड तो, वर्षानुवर्षं मेण पिऊन बसला होता. आतली ओल बाहेर पडेना, म्हणून वरचे पापुद्रे सुटत होते. काल तिथे पहिल्यांदा चिवराच्या बारीक चुण्या दिसल्या आणि तुला हाक मारावीशी वाटली. चौकीदार दयाराम सारखा विचारतो, माताजी का येत नाहीत? मी आपलं थंडीवर ढकलते.

त्यात तुझं मेण किती, ते मला ठाऊक आहे. नवस करणाऱ्या बायकांना तू हसायचीस, आणि माझ्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर पौर्णिमेला गुपचूप तिथे मेणबत्ती लावायचीस. नोव्हेंबरात मेणबत्त्या बंद केल्याचा फलक मीच लावला. तेव्हा तू म्हणालीस, "तुह्यासाठीच लावत होती मी. तूच इझवली." आणि पिशवी भरून निघून गेलीस. राग नाही आला गं, वाईट मात्र फार वाटलं.

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. गळ्यातली गाठ परत आली आहे.

ती फलक लागायच्या आधीपासूनची आहे. डॉक्टरांना मी हे मुद्दाम विचारलं. त्यांनी सप्टेंबरातल्या सोनोग्राफीचे फोटो पुन्हा पाहिले. त्यातही ती होती, पण इतकी बारीक की कोणाच्या लक्षात आली नव्हती. म्हणजे मेणबत्ती विझल्यामुळे काही झालेलं नाही. तुझं काही चुकलं नाही आणि माझंही नाही. हे तुला पटावं म्हणून एवढी लांबण लावली.

अठ्ठावीस तारखेला ऑपरेशन आहे. सगळ्यांना सांगते, मला भीती वाटत नाही. वाटते, आई. तुझ्याशी अबोला ठेवून मला आत जायचं नाही.

दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते. यशदीपदादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे.

तुझी पोट्टी,
रीना