आईची कैची

प्रिय रवीमामास,

भाचीचा, म्हणजे दर्शनाचा, वाकून जय भीम. तब्येत कशी? एसटी डेपोतल्या चहाने ॲसिडिटी होते तरी तू तो सोडत नाहीस हे मी डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा खोटं कळवू नकोस. फोन न करता डेपोच्या पत्त्यावर पत्र धाडतेय, कारण तुझा फोन मामी उचलते, आणि मामीला कळलं की पाचव्या मिनिटाला आईला कळतं.

तर माझा जिऊ-जित्सूचा, म्हणजे तुझ्या भाषेत कुस्तीचा, क्लास. मानपाड्याच्या हॉलमध्ये बायकांची नवी बॅच सुरू झालीय, बारा जणी, आणि त्यात आई (वजन कमी करायला आली म्हणते, खरं तर लेक काय उद्योग करते ते बघायला). शिकवायला घेतला क्लोज्ड गार्ड. म्हणजे खालची बाई पाठीवर पडून वरच्या बाईच्या कमरेला पायांची कैची घालते, आणि वरचीने पाठ ताठ ठेवून, हात टेकवून, उभं राहून ती कैची उघडायची आणि बाजूने पलीकडे जायचं. पण मामा, आपल्या बायका! पाय लागला रे लागला की खालची कैची सोडून आधी हात लावून नमस्कार करते, आणि वरची म्हणते, असू दे गं, असू दे. कैची आपोआप उघडी. तीन आठवडे सगळ्या काहीही न शिकता सुटत होत्या, आणि मी येडी, माझ्याच शिकवण्याचं कौतुक करत बसलेली.

शेवटी नमस्कारावर बंदी घातली, तर दोघी रुसल्या. तोडगा आईनेच काढला: क्लासच्या सुरुवातीलाच सगळ्यांनी सगळ्यांना दिवसभराचे नमस्कार एकदम करून टाकायचे. (पंधरा मिनिटं त्यातच जातात.) त्यानंतर ज्या कैच्या बसायला लागल्या, बापरे! सगळ्यात घट्ट आईची. कुणालाच सुटता येईना, म्हणून परवा मीच दाखवायला गेले. पाठ ताठ, हात कमरेवर, सगळं बरोबर. आणि आई खालून, अगदी शांतपणे, "तुझं ऑफिसचं कार्ड तांदळाच्या डब्यात काय करतंय गं?"

माझी पाठ तिथेच वाकली. नोकरी सोडून दीड महिना झाला, आता क्लासच चालवणार, सगळं अख्ख्या बॅचसमोर कबूल केलं. आई पाय सोडेना. मग एवढंच, "पाठ सरळ कर. आम्हाला ओरडतेस ना?" सुटायला मला पाच मिनिटं लागली, आणि सुटले तीही रडत. तेव्हापासून ती त्या विषयावर गप्प आहे. ओरडली असती तर परवडलं असतं रे. ती नको म्हणाली तर मी क्लास बंद करून परत ऑफिसात जाईन, हे ठरवलंय. तिचं मन मोडून मला नाही जमणार.

तुझी लाडकी,
दर्शना

ता.क. खरं काम आता. परवापासून घरीच आहे, डेपोत येता येत नाही, म्हणून लिहून कळवतेय. दीड महिना दिवसभर मी लायब्ररीत बसायचे असं आईला सांगितलंय. तुमच्या खोपट डेपोच्या कॅन्टीनमध्ये रोज तुझ्यासमोर बसून तिने दिलेला डबा खायचे, हे चुकूनही बोलू नकोस. तुला काही म्हणजे काही माहीत नाही.

ता.क. दादा, हे अक्षर माझं आहे. पोरीने पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, एवढी हुशार. लेक दीड महिना तुझ्यासमोर जेवत होती आणि सख्ख्या बहिणीला तू एका शब्दाने बोलला नाहीस. रविवारी येते, सतरंजी अंथरून ठेव, माझी कैची कशी बसते ते दाखवते. नोकरी गेली ती गेली. ही पोरगी मोठ्याने बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती, त्या हॉलमध्ये बारा बायका तिचं ऐकतात. मीसुद्धा ऐकते. पण तिला एवढ्यात सांगणार नाही; माझ्यापासून लपवलं ना, मग राहू दे अजून दोन दिवस घाबरलेली.
मंजुळा