नाव न घेतलेली सकाळ

मी, खाली सही करणारी, सुतारकामावर आयुष्य काढलेली बाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कुणाच्याही भिडेला बळी न पडता लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, डोके शाबूत आहे.

राहती खोली आणि तिच्याखालचा कारखाना माझ्या भाचीच्या नावे करावा. रंधे, पटाशा, करवतीही तिच्याच. धार लावताना तिने घाई करू नये, एवढेच.

माझे दीर म्हणाले होते, "बाईच्या हातात रंधा शोभत नाही." त्यांच्या घराचे सगळे दरवाजे मीच बसवले. त्यांना डुगडुगते स्टूल द्यावे. ते मी मुद्दामच दुरुस्त केलेले नाही.

बँकेतली शिल्लक ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, नाहीतर शेवटचे कलम कुणाला उमगायचे नाही.

माझे पती अंथरुणाला खिळले तेव्हा ताई त्यांच्या उशाशी प्रार्थना करत बसे. मी पहाटे टेकडीवर जाई. खाली दरीत धुके भरलेले असे आणि झाडांचे शेंडे त्यातून हळूच वर येत, जणू कुणाला आत्ताच त्यांची आठवण झाली. मग मी माझी उरत नसे. दुखणे, दवाखाना, सगळे एवढेएवढेसे होऊन जाई.

ते गेले त्या दिवशी ताई म्हणाली, "एकदा तरी हात जोडायचे होतेस."

"मी रोज टेकडीवर जात होते ना."

"ते फिरणं झालं. देवाचं नाव नाही, ती कसली भक्ती?"

बोलणे तुटले, ते कित्येक वर्षे. मग एका सकाळी ती आपणहून दारात उभी. "ने बघू तुझ्या त्या टेकडीवर."

माझ्या खांद्याचा आधार घेत, धापा टाकत ती चढली. आम्ही बसलो. धुके वर चढत आले, आमच्या चपला त्यात बुडाल्या. मग ऊन आले आणि सगळी दरी आतून उजळली, दिव्यापुढे धरलेल्या तळहातासारखी. ताईने माझा हात घट्ट धरला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अगं, मी नाव घ्यायलाच विसरले."

"आणि मला आज घ्यावंसं वाटलं," मी म्हटले, "पण कुणाचं, ते कळेना."

वाद अजून मिटलेला नाही. अबोला मिटला.

सबब, माझ्या पश्चात ताईने तिला हवी ती प्रार्थना म्हणावी. 'ती कुठे देव मानायची?' असे कुणी तिला ऐकवू नये. मात्र प्रार्थना संपली की सगळ्यांनी थोडा वेळ नुसते गप्प बसावे. तो वाटा माझा.

ठिकाण: कारखान्यावरची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.
सही: (केली)

साक्षीदार: वकीलबाई (सही), शेजारचे औषधवाले (सही). औषधवाल्यांनी वाचून विचारले, "म्हणजे शेवटी तुम्ही मानता की नाही?" तेवढ्यात खिडकीबाहेरून पाखरांचा मोठा थवा वळत गेला आणि आम्ही तो बघत राहिलो. उत्तर राहिले, आणि त्यांची सहीही. ती त्यांनी दुपारी येऊन केली. पुन्हा काही विचारले नाही.