घड्याळात पीठ नव्हतं

तोलिब अका,

तू परत पाठवलेलं आपल्या बाबांचं सोन्याचं घड्याळ आठवड्यात बंद पडलं. "समरकंदचे कारागीर चोर आहेत, आतला माल बदलतात," असं म्हणत तूच ते दुरुस्तीला मॉस्कोला नेलं होतंस ना? त्या धास्तीने इथे भरवशाचा माणूस शोधताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी घड्याळजी उस्ता निमातच्या टपरीत बसले आणि त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. तो हसून म्हणाला, "आपा, पापणी तरी लवू द्या!"

झाकण उघडल्यावर मात्र त्याने भिंग लावून आत निरखून पाहिलं. मग म्हणाला, "वडील काय करायचे?"

"तंदूरवर रोट्या लावायचे. कणीक मळतानाही घड्याळ काढायचे नाहीत."

"मग हे त्यांचं नाही. वरून नुसता मुलामा, आत पिठाचा कण नाही. दुरुस्तीचं तर सोडाच, याचे स्क्रूसुद्धा आजवर कुणी फिरवलेले नाहीत."

अका, मी पाळत चुकीच्या माणसावर ठेवली.

मॉस्कोला निघताना तू एक घास तोडलेली रोटी अजून भिंतीवर टांगलेली आहे. उरलेली तू परत येऊन खाणार, म्हणून आई रोज तिच्यावरची धूळ पुसते. काल घरी आले आणि कोंबड्यांना घालायला ती खाली काढली. आवाज ऐकून आई आतून धावतच आली.

"तोलिब आला?"

मी "नाही" म्हणाले आणि रोटी परत टांगली. हे पत्रही घरातच राहील.

आईसमोर तरी अजून तुझी बहीण,
सालोमत